व्हिडिओ एडिटिंगसाठी जुना डेस्कटॉप सुधारायचाय? आधी तपासा, मग खिशात हात घाला

दहा-बारा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप अजून चालू आहे. त्यावर टायपिंग होतं, बँकेची कामं होतात, सिनेमाही बघता येतो. पण मोबाइलवर घेतलेलं शूटिंग एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की तो गुडघे टेकतो. चित्र अडखळतं, आवाज पुढे निघून जातो आणि एक कट मारला की पुढचं बटण दाबायला अर्धा मिनिट थांबावं लागतं. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘हा काढून टाका, नवीन घ्या.’

हे उत्तर नेहमीच चूक असतं असं नाही, पण बहुतेक वेळा घाईचं असतं. अशा मशीनची ताकद एखाद्या ठराविक जागी कमी पडत असते. ती जागा न शोधता केलेला खर्च भलतीकडेच जातो. म्हणून या लेखात खरेदीच्या आधी तपासणीला जास्त जागा दिली आहे. साधारण २०१३ ते २०१८ या काळातला, इंटेल प्रोसेसरचा डेस्कटॉप आणि मोबाइलवरचं शूटिंग डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. शाळेचे पाठ, घरगुती समारंभ, ढोल-ताशा पथकाचे व्हिडिओ, छोटं यूट्यूब चॅनल असं ज्यांचं काम आहे, त्यांच्यासाठी.

पायरी १: आत काय आहे ते लिहून काढा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’वर गेलात की प्रोसेसरचं नाव, रॅम किती आणि तिचे किती स्लॉट भरलेत, डिस्क कोणती, हे सगळं एकाच जागी दिसतं. मदरबोर्डचं नाव आणि रॅमचा प्रकार कळण्यासाठी सीपीयू-झेड हे छोटं मोफत सॉफ्टवेअर टाका.

प्रोसेसरची पिढी त्याच्या नावातच असते. आय५-४५७० मधला रेघेनंतरचा पहिला आकडा ४, म्हणजे चौथी पिढी, साल २०१३. आय५-६५०० म्हणजे सहावी, २०१५. आय५-८५०० म्हणजे आठवी. पुढचे बरेच निर्णय या एका आकड्यावर ठरतात, तेव्हा तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहा.

मग मशीन बंद करून, वायर काढून कॅबिनेटची बाजू उघडा. एसएमपीएसवरच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावरच्या) लेबलचा आणि मदरबोर्डचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुकानात बोलताना हे फोटो फार उपयोगी पडतात.

पायरी २: नेमकं कुठे अडतंय ते बघा

सगळ्यात मोलाची पायरी ही आहे, आणि तिला पैसा लागत नाही.

नेहमी त्रास देणारी एखादी क्लिप टाइमलाइनवर टाका, प्ले करा आणि बाजूला टास्क मॅनेजर उघडा ठेवा. चार आलेख बघायचे: सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क आणि जीपीयूमधला (ग्राफिक्सच्या भागातला) ‘व्हिडिओ डिकोड’.

मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर चिकटून बसली असेल आणि त्याच वेळी डिस्क शंभरावर असेल, तर रॅम कमी पडते आहे. रॅममध्ये न मावणारा डेटा विंडोज हार्ड डिस्कवर टाकतंय आणि परत उचलतंय. सीपीयू शंभरावर आणि ‘व्हिडिओ डिकोड’ शून्यावर असेल, तर फाइल उलगडण्याचं सगळं काम प्रोसेसर एकटा करतोय. त्या कामासाठी खास बनवलेला भाग एक तर मशीनमध्ये नाही, किंवा सॉफ्टवेअर तो वापरत नाही. सगळे आलेख खाली असूनही चित्र अडखळत असेल, तर दोष बहुधा फाइलमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंचं मशीन मी असंच तपासलं. आय५-४५७०, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. त्यांना एकाने सांगितलं होतं की हार्ड डिस्क जुनी झालीय म्हणून व्हिडिओ अडकतो. क्लिप प्ले केली तर डिस्कचा आलेख जेमतेम हलत होता, सीपीयू मात्र सरळ रेषेत शंभरावर. फोन ४के मध्ये (१०८०पी म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके), एचईव्हीसी या व्हिडिओ आवळून साठवायच्या प्रकारात शूट करत होता. तोच फोन १०८०पी आणि एच.२६४ या जुन्या, सोप्या प्रकारावर ठेवून घेतलेली क्लिप त्याच मशीनवर सुरळीत चालली.

असं का होतं हे समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक खरेदी तुम्हाला स्वतःला जोखता येईल. मोबाइल फाइल बनवतो ती कमी जागेत मावावी म्हणून, कापाकापी सोपी जावी म्हणून नव्हे. एच.२६४ आणि एचईव्हीसी या दोन्ही प्रकारांत थोड्या थोड्या अंतरावर एक चित्र पूर्ण साठवलेलं असतं. मधल्या चित्रांत फक्त काय बदललं एवढंच असतं. तुम्ही टाइमलाइनवर मध्येच कुठे क्लिक केलंत की सॉफ्टवेअरला मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन तिथून हिशेब करत यावं लागतं. उलटं सरकवलं तर आणखी हाल. एचईव्हीसीत हा हिशेब एच.२६४ पेक्षा बराच किचकट असतो. म्हणून फाइल लहान होते आणि प्रोसेसरचा घाम निघतो.

आता डिस्कचा आकडा बघा. आयफोनवर ४के, ३० फ्रेमचं शूटिंग एच.२६४ मध्ये मिनिटाला साधारण ३५० एमबी घेतं, एचईव्हीसीमध्ये १७० एमबी. ३५० एमबी मिनिटाला म्हणजे सेकंदाला सहा एमबीसुद्धा नाही. धडधाकट जुनी हार्ड डिस्कही सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास देते. म्हणजे एका क्लिपचं चित्र अडखळतंय म्हणून एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी लावायची, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घेतलीत, तर अडखळणं थांबणार नाही. एसएसडी घ्यायचीच आहे, पण वेगळ्या कारणासाठी. ते पुढे येतं.

पायरी ३: एक रुपयाही खर्च न करता

फोनपासून सुरुवात करा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. तिथेच रेकॉर्ड व्हिडिओमध्ये एचडीआर बंद करा, नाहीतर फोन १०-बिट फाइल (नेहमीच्या ८-बिटपेक्षा रंगांची जास्त माहिती असलेली) बनवतो आणि ती जुन्या मशीनला आणखी जड जाते. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘हाय एफिशियन्सी’ अशा नावाचा पर्याय असतो, तो बंद करा. शेवटचा व्हिडिओ १०८०पी मध्येच जाणार असेल तर शूटिंगही १०८०पी मध्ये करा. माझ्या मते वर्गातल्या पाठासाठी ४के ची काहीच गरज नाही. उजेड आणि आवाज नीट असला तर बघणाऱ्याला फरक कळत नाही.

आधीच शूट झालेल्या जड फाइलींसाठी प्रॉक्सी वापरा. प्रॉक्सी म्हणजे मूळ क्लिपची हलकी प्रत. कापाकापी त्या प्रतीवर करायची आणि शेवटी एक्सपोर्ट करताना सॉफ्टवेअर मूळ फाइल उचलतं, त्यामुळे व्हिडिओचा दर्जा जराही कमी होत नाही. केडेनलाइव्ह या मोफत एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिपवर उजवं क्लिक करून ‘प्रॉक्सी क्लिप’वर खूण करा. दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उजवं क्लिक, ‘जनरेट प्रॉक्सी मीडिया’. प्रती बनायला वेळ लागतो. रात्री जेवायला उठताना लावून द्या. जुन्या मशीनवर एडिटिंग करणाऱ्याने दुसरं काही शिकलं नाही तरी चालेल, पण हे शिकावंच. कित्येकांचं काम इथेच भागतं आणि पुढच्या पायऱ्या सावकाश, सवडीने करता येतात.

मोबाइलच्या फाइलींत आणखी एक खोड असते. फोन उजेडानुसार फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो, म्हणून लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांना सोडून जातात. लोक याचाही दोष मशीनला देतात. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल टाका, व्हिडिओच्या टॅबमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा, नवी फाइल बनवा आणि तीच एडिटिंगला घ्या.

शिवाय कॅबिनेट उघडलाच आहे तर धूळ काढा. प्रोसेसरवरच्या पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि मग ब्लोअर मारा, नाहीतर हवेच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरून बिघडतो. दहा वर्षांत थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळून पापुद्रा झालेली असते. जुनी पुसून नवी लावा, छोटा थेंब पुरतो. प्रोसेसर तापला की तो आपणहून वेग कमी करतो आणि एक्सपोर्टसारख्या लांब कामात ते लगेच जाणवतं.

पायरी ४: रॅम

पहिला खर्च बहुधा इथे करावा. ८ जीबीवर १०८०पी चं साधं काम होतं, पण ब्राउझर उघडा असेल तर नाही. १६ जीबी हे आज एडिटिंगसाठी समाधानकारक माप आहे. दाविंची रिझॉल्व्ह वापरायचं असेल तर १६ च्या खाली विचारच करू नका. त्यातल्या फ्यूजनचे इफेक्ट लागणार असतील तर ३२ लागतात.

चौथ्या पिढीच्या मशीनला डीडीआर३ लागते, सहावीपासून पुढे बहुतेक ठिकाणी डीडीआर४. दोन्हींच्या पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. ती जोर लावून बसवू नका. मदरबोर्डची मर्यादाही बघा. चौथ्या पिढीच्या स्वस्त मशीनमध्ये सर्रास सापडणाऱ्या एच८१ बोर्डाला दोनच स्लॉट असतात आणि तो १६ जीबीच्या वर जात नाही. तिथे आधीच्या दोन्ही ४ जीबीच्या पट्ट्या काढून ८ च्या दोन टाकाव्या लागतात. एकच मोठी पट्टी टाकण्यापेक्षा सारख्या दोन टाका. दोन मार्गांनी डेटा जातो, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला याचा चांगला फायदा होतो.

डीडीआर३ आता वापरलेलीच घ्यावी लागते आणि त्यात वावगं काही नाही, रॅम सहसा खराब होत नाही. फक्त दोन गोष्टींपासून सावध राहा. सर्व्हरमधून काढलेली ‘ईसीसी रजिस्टर्ड’ रॅम फार स्वस्त मिळते, पण साध्या डेस्कटॉपवर ती चालत नाही. आणि ‘फक्त एएमडीसाठी’ असं लिहिलेल्या पट्ट्या इंटेलच्या मशीनमध्ये टाकायला घेऊ नका. आणल्यावर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर एक रात्र चालवून बघा. एकही चूक दाखवली तर दुसऱ्या दिवशी परत द्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय घेऊ नका.

पायरी ५: एसएसडी

वर म्हटलं तसं, एका क्लिपचं अडखळणं एसएसडीने जात नाही. पण विंडोज सुरू होणं, सॉफ्टवेअर उघडणं, पन्नास क्लिपांची छोटी चित्रं दिसणं, कॅशे (सॉफ्टवेअरने तात्पुरत्या साठवलेल्या फाइली) वाचणं, या सगळ्यात डिस्कच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून तुकडे उचलायचे असतात आणि तिथे हार्ड डिस्क अगदीच लंगडी पडते. मशीन वापरताना येणारा वैताग ज्या एका खरेदीने सगळ्यात जास्त कमी होतो ती हीच.

साधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कसारखीच वायरने जोडायची) घ्या. ती सेकंदाला ५५० एमबीपर्यंत जाते आणि जुन्या मशीनला तेवढं भरपूर होतं. चौथ्या पिढीच्या बहुतेक बोर्डांवर एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारच्या) एसएसडीवरून विंडोज सुरूच होत नाही, तेव्हा तिचा मोह टाळा. ५०० जीबीत विंडोज, सॉफ्टवेअर, कॅशे आणि सध्या चालू असलेलं काम ठेवा. झालेली कामं जुन्या हार्ड डिस्कवर हलवा. एसएसडी काठोकाठ भरू देऊ नका, पाचवा हिस्सा तरी मोकळा असू द्या.

अनोळखी नावाच्या, संशयास्पद स्वस्त एसएसडीपासून लांब राहा. काहींवर लिहिलेली जागाच खोटी असते. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर पूर्ण डिस्क भरून आणि परत वाचून हे उघड करतं. काही एसएसडी पहिले काही जीबी झपाट्याने घेतात आणि मग हार्ड डिस्कपेक्षाही मंद होतात. मोठ्या व्हिडिओ फाइली कॉपी करणाऱ्याला हे फार नडतं.

जुन्या हार्ड डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरवर बघा. ‘रिअलोकेटेड सेक्टर’च्या रांगेत पिवळी खूण दिसली तर बाकी सगळी कामं बाजूला ठेवा आणि आधी फोटो-व्हिडिओंची दुसरीकडे प्रत काढा.

पायरी ६: ग्राफिक्स कार्डाच्या आधी एसएमपीएस

लोक कार्ड आणतात आणि मग कळतं की वीज पुरत नाही. एसएमपीएसच्या लेबलवर ठळक अक्षरात ४५० वॉट लिहिलेलं असेल, पण त्यावर विसंबू नका. १२ व्होल्टच्या रांगेतले अँपिअर बघा आणि १२ ने गुणा. १८ अँपिअर असतील तर २१६ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघांचं पोट मुख्यतः याच रांगेवर भरतं. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसमध्ये हा आकडा मोठ्या आकड्याच्या निम्म्यावर असणं नेहमीचं आहे. असा एसएमपीएस दहा वर्षांचा झाला असेल तर कार्ड लावण्याआधी चांगल्या कंपनीचा ४५० वॉटचा, ‘८० प्लस’ खूण असलेला घ्या. भागात वीज सारखी जात-येत असेल तर यूपीएस आणि नीट अर्थिंगही हवं. एक्सपोर्ट होताना वीज गेली तर फक्त वेळ जातो, पण डिस्कवर लिहिणं चालू असताना गेली तर प्रोजेक्टची फाइल खराब होऊ शकते.

कंपनीत वापरून निघालेले डेल किंवा एचपीचे डेस्कटॉप असतील तर थोडी वेगळी काळजी घ्या. त्यांतल्या अनेक मॉडेलांत मदरबोर्डला जाणारा वीजजोड नेहमीचा २४ पिनांचा नसतो, त्यामुळे बाजारातला एसएमपीएस थेट लागत नाही. अशा मशीनमध्ये वेगळी वायर न मागणारं, स्लॉटमधूनच वीज घेणारं कार्ड लावावं. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. कॅबिनेट अरुंद असेल तर कार्ड ‘लो प्रोफाइल’ हवं. फूटपट्टीने आतली जागा मोजून जा.

पायरी ७: ग्राफिक्स कार्ड

आधी तुमचं सॉफ्टवेअर कार्डाला किती कामाला लावतं ते बघा. केडेनलाइव्ह आणि शॉटकट बहुतांश काम प्रोसेसरवर करतात. कार्ड असलं तर मुख्यतः एक्सपोर्टला हातभार लागतो. दाविंची रिझॉल्व्ह मात्र जवळजवळ सगळा भार कार्डावर टाकतं आणि वेगळं कार्ड नसलेल्या जुन्या मशीनवर ते धड चालत नाही. त्याची मोफत आवृत्ती ४के पर्यंत एक्सपोर्ट करू देते, पण कार्डाची काही कामं पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीसाठी राखून ठेवलेली आहेत. म्हणून केडेनलाइव्हवर समाधानी असलेल्याने कार्डाचा खर्च निदान आता तरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

इंटेलच्या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सचा छोटा भाग असतो आणि त्याची ‘क्विक सिंक’ नावाची सोय व्हिडिओ उलगडते. दुसऱ्या पिढीपासून ती एच.२६४ करते, सहाव्या पिढीपासून ८-बिट एचईव्हीसी आणि सातव्यापासून १०-बिटही. म्हणजे सातव्या-आठव्या पिढीवाल्यांकडे हे काम करणारा भाग आधीच आहे! बऱ्याच बोर्डांवर वेगळं कार्ड लावल्यावर तो आपोआप बंद होतो. बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ किंवा तशा नावाचा पर्याय चालू केला की परत मिळतो.

चौथी-पाचवी पिढी असेल आणि रिझॉल्व्ह वापरायचं असेल तर कार्ड घ्या. ४ जीबी मेमरीपेक्षा कमी घेऊ नका. वापरलेल्यांत जीटीएक्स १६५० ही माझी पहिली पसंती. तिच्या अनेक मॉडेलांना वेगळी वीज लागत नाही, पण काहींना लागते, तेव्हा कार्डाच्या कडेला सहा पिनांचा जोड आहे का ते बघून घ्या. जीटीएक्स १०५० टीआय आणखी स्वस्त पडते आणि कामही देते, मात्र त्या पिढीच्या कार्डांसाठी नवे नियमित ड्रायव्हर देणं एनव्हीडियाने २०२५ मध्ये थांबवलंय, आता फक्त सुरक्षेपुरते येतील.

काही कार्डं स्वस्त दिसतात आणि फसवतात. जीटी ७१० आणि जीटी ७३० एडिटिंगसाठी निरुपयोगी आहेत. जीटी १०३० मध्ये व्हिडिओ एक्सपोर्ट करणारा भागच नाही. रेडिऑन आरएक्स ६४०० मध्येही तो नाही, शिवाय जुन्या बोर्डांवर तिचा वेग पडतो. इंटेलची आर्क ए३८० व्हिडिओसाठी खरोखर गुणी आहे, पण तिला ‘रिसायझेबल बार’ ही सोय असलेला बोर्ड लागतो. चौथ्या-सहाव्या पिढीच्या मशीनमध्ये ती नसते आणि तिच्याविना कार्ड फार मागे पडतं.

वापरलेलं कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या, नाहीतर गावातल्या ओळखीच्या दुकानातून, पण चालू मशीनवर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पेन ड्राइव्हवर कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड घेऊन जा. जुन्या फालतू कार्डात नवं नाव भरून ते ‘१०५० टीआय’ म्हणून विकण्याचा धंदा बरीच वर्षं चालू आहे. जीपीयू-झेड अशा कार्डाच्या नावाआधी सरळ ‘फेक’ असा शिक्का दाखवतं. मग वीसेक मिनिटं जड काही चालवा. पडद्यावर ठिपके, रेघा, रंगीत चौकोन येतात का, पंखा घासल्यासारखा वाजतो का, ते बघा. बिल आणि थोड्या दिवसांची तपासणीची मुदत मागा. जो दुकानदार हे दोन्ही नाकारतो त्याच्याकडून घेऊ नका.

पायरी ८: प्रोसेसर, गरज असेल तरच

मशीनमध्ये पेंटियम किंवा सातव्या पिढीपर्यंतचा आय३ असेल तर हा खर्च योग्य आहे. त्यात दोनच कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) असतात. त्याच सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या जागेचा) चार कोअरचा वापरलेला आय५ किंवा आय७ टाकला की केडेनलाइव्हमध्ये फरक लगेच कळतो. आय५-४५७० च्या जागी आय७-४७७० टाकला तर कोअर चारच राहतात, पण एका वेळी आठ धागे चालतात. एक्सपोर्टचा वेळ कमी होतो, पण अडखळणाऱ्या एचईव्हीसीचा मूळ प्रश्न तसाच राहतो. म्हणून आय५ असणाऱ्याने हे पैसे राखून ठेवावेत.

सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डात आठव्या पिढीचा प्रोसेसर बसतो तर खरा, सॉकेटचं नावही एकच, एलजीए ११५१. पण तो चालत नाही. चौथ्या पिढीसाठी झिऑन ई३-१२३१ व्ही३ स्वस्तात सुचवला जातो. तो चांगला आहे, फक्त त्यात ग्राफिक्सचा भाग नाही, म्हणजे क्विक सिंकही नाही आणि कार्डाशिवाय पडद्यावर चित्रही नाही. इंटेलच्या या बोर्डांवर पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात आणि त्या केसाएवढ्या बारीक असतात. प्रोसेसर सरळ वर उचला आणि सरळ खाली ठेवा, मध्ये सरकवू नका.

पायरी ९: विंडोजचं काय?

विंडोज १० ची नेहमीची मदत, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, त्यातही टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. जुन्या मशीनवर ते आडवाटेने टाकून देणारे भेटतील. रोजचं काम ज्या मशीनवर अवलंबून आहे त्यावर मी ते करणार नाही, कारण पुढचा एखादा अपडेट बसला नाही तर ऐन कामाच्या दिवशी अडकाल. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी टाकायची ऑपरेटिंग सिस्टिम) आणि केडेनलाइव्ह ही जोडी अशा मशीनवर हलकी चालते आणि मोफत आहे. शिवाय बँकेची कामं असुरक्षित विंडोजवर करण्यापेक्षा ती इथे केलेली बरी. मात्र दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ फाइली उघडत नाही. रिझॉल्व्ह हवंच असेल तर हे आधी लक्षात घ्या.

कुठे थांबायचं

लागणाऱ्या सगळ्या भागांची बेरीज करा आणि आठव्या पिढीचा, आय५-८५०० चा रिफर्बिश्ड (वापरलेला, पण तपासून-दुरुस्त करून विकलेला) डेस्कटॉप त्याच बाजारात किती पडतो ते विचारा. त्यात सहा कोअर, १०-बिट एचईव्हीसी उलगडणारा ग्राफिक्सचा भाग, डीडीआर४ रॅम असते आणि विंडोज ११ ही अधिकृतपणे चालतं. तुमची बेरीज त्या किमतीच्या निम्म्यावर गेली, तर जुन्यात आणखी पैसे घालू नका. साटा एसएसडी, हार्ड डिस्क आणि बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डही नव्या मशीनमध्ये नेता येतं. डीडीआर३ रॅम आणि जुन्या सॉकेटचा प्रोसेसर मात्र नेता येत नाही. म्हणून पायरी २ मध्ये रॅम कमी पडताना दिसली नसेल आणि दोन खर्चांत निवड करायची वेळ आली, तर आधी एसएसडी घ्या.

त्या बाईंच्या बाबतीत फोनचं सेटिंग बदललं, प्रॉक्सी शिकवली, ८ च्या दोन वापरलेल्या पट्ट्या आणि ५०० जीबीची एसएसडी टाकली. कार्ड घेतलं नाही. त्यांचे पंधरा मिनिटांचे पाठ त्यावर तयार होतायत, आणि त्यांना त्याहून जास्त काही नको आहे.

भाग बदलताना एका वेळी एकच बदला. प्रत्येक बदलानंतर पायरी २ मधली तीच क्लिप परत चालवा आणि चारही आलेख त्याच कागदावर टिपून ठेवा. दोन-तीन भाग एकदम टाकले आणि मशीन सुरूच झालं नाही, तर दोष कुणाचा ते शोधण्यात सगळा रविवार जातो. भाग बसवण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. जुने काढलेले भाग मुदत संपेपर्यंत फेकू किंवा विकू नका. नवा भाग परत द्यायची वेळ आली तर तेवढे दिवस मशीन त्यांच्यावरच चालवावं लागेल.